पहिल्या पेल्यातलं निळं

मी एक नंबरचा पेला बोलतोय. एक नंबरचा म्हणजे कुणी मोठी असामी, असं समजू नका. आमच्या पेटीत सहा पांढरे पेले होते. लोखंडाचे, वरून एनॅमल चढवलेले, सगळे एका मापाचे. ओळीत मी पहिला बसायचो, एवढीच माझी थोरवी. सातवा पेला काळा होता. पूड कालवायचं काम त्याच्याकडे, त्यामुळे तो जरा तोऱ्यातच असायचा.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते, आणि मग पेंढ्यात गुंडाळून केलेला लांबचा प्रवास. खरं भान आलं ते हिंगोलीच्या स्टेशनात, १९३६ साली. पेटीचं झाकण उघडलं आणि चष्मा लावलेला एक लांबट चेहरा आत डोकावला. ते व्यंकटराव. पटकीची साथ आली की दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून गावोगाव फिरायचं, विहिरींचं पाणी तपासायचं आणि पूड टाकून ते शुद्ध करायचं, ही त्यांची नोकरी. त्यांनी आम्हाला एकेक करून बाहेर काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवलं. बायकोच्या दागिन्यांनाही त्यांनी कधी एवढं जपलं नसेल.

आमचं काम सांगतो, ऐकायला सोपं आहे. आधी काळ्या पेल्यात एक सपाट चमचा ब्लिचिंग पावडर कालवायची. आम्हा सहा पांढऱ्यांत विहिरीचं पाणी भरायचं. काळ्यातल्या निवळीचा एक थेंब माझ्यात, दोन दुसऱ्यात, तीन तिसऱ्यात, असं सहापर्यंत. काचेच्या कांडीनं ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात दुसऱ्या एका औषधाचे तीन थेंब टाकायचे आणि बघत बसायचं. पाण्यातली घाण मारून पूड शिल्लक उरली असेल तर पाणी निळं होतं. माझ्यातच निळं झालं तर पाणी चांगलं, ठरल्या मापाला एक चमचा पूड पुरे. पाचव्यात जाऊन निळं झालं तर पाणी वाईट, त्याला पाच चमचे हवेत.

व्यंकटरावांचा आमच्यावर भारी जीव. गोरेगावच्या एका म्हाताऱ्या पाटलानं एकदा, आमची विहीर म्हणजे गंगा आहे, म्हणून मिशीला पीळ भरला आणि निळं झालं ते चौथ्या पेल्यात. पाटील म्हणाला, तुमचे पेलेच खराब आहेत. व्यंकटराव हसले. "पाटील, माणूस खोटं बोलंल. पेला न्हाई बोलत." ते हे वाक्य गावोगाव सांगायचे. मला ते ऐकून फुगायला व्हायचं. आता ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावरचा एनॅमल तडकेल की काय, असं वाटतं.

१९३८ च्या वैशाखात आम्ही पुसेगावच्या पलीकडच्या एका तांड्यावर गेलो. तीस-चाळीस झोपड्या, मधोमध मोठा निंब, आणि खाली ओढ्याच्या काठाला एक बुडकी, म्हणजे न बांधलेली उथळ विहीर. तांड्यात दोन माणसं पटकीनं गेली होती. पूर्वी या बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ मुलुखभर जायचं. आता सगळे शेती करत होते आणि त्या बुडकीचं पाणी पीत होते.

तांड्याचा नाईक देवला पुढं आला. त्यानं निंबाखाली घोंगडी अंथरली. ऊन असं होतं की व्यंकटरावांच्या चष्म्याची दांडीसुद्धा तापली होती. सकाळपासून त्यांची तीन गावं झाली होती. नियम असा की पाणी तपासणाऱ्यानं स्वतः विहिरीवर जाऊन, स्वतःच्या हातानं पाणी काढायचं. पण त्या दिवशी ते घोंगडीवर बसले ते बसलेच. समोर एक म्हातारी उभी होती, हातात हस्तिदंती बांगड्या, पाठ ताठ. तिला ते म्हणाले, "माय, तुमचं प्यायचं पाणी आना एक घागर. तपासायचं हाय."

"आनते की, सायब. बसा तुमी सावलीला."

ती जिवनबाई. ती गेली ती बऱ्याच वेळानं आली. घामानं निथळत होती. मला वाटलं, बुडकी लांब असेल.

घागरीतलं पाणी माझ्यात पडलं तेव्हा मला हुडहुडी भरली. इतकं गार, नितळ पाणी त्या उन्हाळ्यात मी पाहिलं नव्हतं. व्यंकटराव आणि नाईक गप्पा मारत बसले. जिवनबाईची नात मोती, सात वर्षांची, मात्र आमच्यापाशी येऊन उकिडवी बसली. तिनं अर्धा तास जागा सोडली नाही. माझ्यावर इतकी वाकली होती की तिचा श्वास पाण्यावर यायचा आणि पाणी बारीक थरथरायचं. औषधाचे थेंब पडले आणि माझ्यातलं पाणी निळं झालं.

"आजे, निळं झालं! पयल्यातच झालं!" ती टाळ्या पिटत उठली.

"शाब्बास!" व्यंकटराव म्हणाले. "नाईक, पाणी एक नंबर हाय तुमचं."

देवला नाईकानं जिवनबाईकडं बघितलं आणि दोघं हसले. चारचौघांत अब्रू राहिली म्हणजे माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. मला त्याचा अर्थ कळला नाही. व्यंकटरावांनाही कळला नाही.

पुढं सगळे बुडकीवर गेले. व्यंकटरावांनी दोरी सोडून खोली मोजली, रुंदी मोजली, पाण्याचा हिशेब केला. पाणी बघून ते थबकले. "नाईक, पाणी गढूळ दिसून राहिलं."

"बादल्या बुडवून बुडवून ढवळलं हाय, सायब."

डोळ्यांना दिसत होतं ते आणि पेल्यानं सांगितलं ते, यात व्यंकटरावांनी पेल्याचं मानलं. एका चमच्याच्या हिशेबानं पूड पडली. तासाभरानं बुडकीचं पाणी परत तपासायचं होतं, पण तेवढ्यात सेनगावहून माणूस बोलवायला आला. आम्ही पेटीत गेलो, झाकण लागलं.

तिथून चार दिवसांत तांड्यावरची अकरा माणसं गेली. मोती तिसऱ्या दिवशी गेली.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा तांड्यात भुंकायला कुत्रंसुद्धा पुढं आलं नाही. व्यंकटराव सरळ बुडकीवर गेले. स्वतः तांब्या बुडवला, आम्हाला काठावर मांडलं, भरलं. अर्धा तास ते उभेच होते. मग थेंब टाकले. मी पांढरा राहिलो. दुसरा पांढरा. तिसरा, चौथा पांढरा. पाचव्यात निळं झालं.

ते खाली बसले. देवला नाईक येऊन शेजारी उभा राहिला, त्याला त्यांनी विचारलं, "त्या दिशी पाणी कुठलं आनलं व्हतं?"

"मळ्यातलं," नाईक म्हणाला. एवढ्या दुःखातही त्याच्या आवाजात जरा अभिमान आला. "किसनरावाच्या मळ्यातल्या विहिरीचं. गोड पाणी हाय तिथलं. जिवनबाई अर्धा कोस चालून गेल्ती. आमच्या बुडकीचं कसं द्यावं सायबाला? दाराशी आलेल्या मानसाला कुनी असलं पाणी देतं का?"

त्याला कळलंच नाही तो काय बोलला ते. मला कळलं. मी खोटं बोललो नव्हतो. मी खरंच सांगितलं होतं, पण भलत्याच पाण्याचं. वर निंबाखाली जिवनबाई बसली होती, हात मांडीवर टाकून. तिनं आपल्या परीनं पाहुण्याचा मान राखला होता, आणि तो मान तांड्याच्या जिवावर बेतला होता, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

व्यंकटरावांनी पुरेपूर पूड टाकली, पाणी परत तपासलं. उठताना नाईकाला एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं पूड कमी पडली. चूक माझी."

देवला नाईकानं पेटीकडं बोट केलं. मग म्हणाला, "सायब, ही पेटी आता हितं आनू नका."

दोन-चार दिवसांत साथ उतरली. पण तांड्यानं मनाशी गाठ मारून ठेवली, की पांढरी पूड पडली आणि माणसं मेली.

त्यानंतरची तीन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. कुठल्याही गावात, कुठल्याही विहिरीवर, अर्धा तास भरत आला की माझ्यावर कुणीतरी वाकलंय असं वाटायचं. वारा नसायचा, झाडाचं पान हलत नसायचं, बाकीच्या पाच पेल्यांतलं पाणी स्थिर असायचं. माझ्यातलं मात्र बारीक थरथरायचं. तळाशी बघावं तर एक छोटा चेहरा. मी मनाशी म्हणायचो, अगं पोरी, जा आता. ती जायची नाही.

आणि मी एकटा नव्हतो. व्यंकटरावही माझ्याकडं बघायला भीत होते. थेंब टाकायच्या आधीच त्यांना माझ्यात निळं दिसायचं. गावातल्या कुणालाही धरून विचारायचे, "यात निळं हाय का हो?" लोक म्हणायचे, नाही साहेब, पांढरंच आहे. मग ते मला राखेनं घासायचे, इतकं घासायचे की माझ्या काठाचा एनॅमल उडाला. एकदा त्यांनी मला उचलून ओळीत शेवटी ठेवलं आणि दुसऱ्याला पहिला केला. काही उपयोग झाला नाही. ते शेवटीच बघत बसले. ते आता प्रत्येक विहिरीत स्वतः दोर सोडायचे, कुणी कितीही आग्रह केला तरी दुसऱ्यानं आणलेल्या पाण्याला हात लावायचे नाहीत. माणूस खोटं बोलेल, पेला नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

१९४१ च्या आषाढात पुसेगावच्या बाजूला पुन्हा पटकी आली. दमणी तांड्याच्या वाटेला लागली तशी पेटीत आम्ही सातही पेले एकमेकांवर आपटत होतो. वाट खराब होती म्हणा, किंवा आणखी काही म्हणा.

तांड्याच्या शिवेवर माणसं आडवी उभी होती. देवला नाईक पुढं. "पूड न्हाई पायजे, सायब. मागल्या बारीला पूड टाकली अन् अकरा मानसं गेली. तुमी वापस जा."

"नाईक, बुडकीचं पाणी वाईट हाय. पूड न्हाई टाकली तर तांडा ऱ्हाणार न्हाई."

"टाकली तवा तरी कुठं राहिला?"

यावर एकच उत्तर होतं, आणि ते व्यंकटरावांच्या ओठाशी आलेलं मला दिसत होतं. त्या दिवशीचं पाणी बुडकीचं नव्हतं, एवढं सांगितलं की झालं. सांगितलं तर जिवनबाई जिवंतपणी मेली, नाही सांगितलं तर तांडा मेला. गर्दीच्या मागं ती उभी होती. तीन वर्षांत पार वाळली होती, हस्तिदंती बांगड्या हातावर खालीवर सरकत होत्या. पूड वाईट होती, असं तिनं मनाला समजावून टाकलेलं. त्या एका आधारावर ती उभी होती.

व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मागल्या बारीला चूक माझ्या हातची व्हती. म्हणून मी आज हात लावत न्हाई. पेटी तुमच्यापाशी ठिवतो. तुमच्यातल्या कुनीबी बुडकीचं पाणी काढा, तुमीच मोजा, तुमीच टाका. मी लांबून सांगतो."

मग मागून आवाज आला, "मी करते."

जिवनबाई पुढं आली. व्यंकटरावांचा चेहरा पडला. "तुमी नको, माय. दुसरं कुनी येऊ द्या."

"काहून? माझं जायचं ते गेलं. मला कशाचं भ्याव?"

तिनं पेटी काखोटीला मारली आणि बुडकीकडं चालू लागली.

तिनं घागर बुडवली. आम्हाला ओळीनं मांडलं. कधी पाटीवर अक्षर न गिरवलेली बाई, पण हात असा स्थिर की व्यंकटरावांचाही कधी नव्हता. एक थेंब, दोन थेंब, तीन. बुडकीचं ते कोमट, बुळबुळीत पाणी घेऊन मी बसलो. अर्धा तास सगळा तांडा काठावर उभा होता. माझ्यावर ती नेहमीची पोर वाकलेली होतीच. मी देवाची करुणा भाकत होतो, मला निळं होऊ दे. एकदाच खोटं बोलू दे. या म्हातारीसाठी.

पेल्याच्या हातात काही नसतं. थेंब पडले आणि मी पांढरा राहिलो.

जिवनबाईनं बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर बोट थांबलं. ते निळं तिनं डोळे बारीक करून पाहिलं. मग तिचं बोट उलटं मागं आलं, माझ्यापाशी. तिनं मला उचललं आणि आत पाहिलं.

"मागल्या बारीला हितंच निळं झालं व्हतं," ती म्हणाली. "मोती वरडली व्हती, पयल्यातच झालं म्हून."

"माय..." व्यंकटराव पुढं आले.

"त्या दिशी पाणी मळ्यातलं व्हतं."

देवला नाईकाची मान खाली गेली. त्यालाही आत्ता कळलं.

"तुमाला ठाव व्हतं, सायब?"

"व्हय."

"कवापासून?"

"चवथ्या दिसापासून." व्यंकटराव रडत होते आणि ते लपवतही नव्हते. "तुमचा काय बी दोष न्हाई, माय. पाणी मी सोता काढायला पायजे व्हतं. तो कायदाच हाय आमचा. मी उन्हाला कटाळलो."

तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती माझ्याशी बोलल्यासारखी बोलत होती. "मोती त्याच घागरीचं पाणी मागत व्हती. उन्हातून आल्ती, व्हट सुकले व्हते पोरीचे. म्या म्हनलं, शिवू नको, सायबाचं हाय. तिला बुडकीचं दिलं."

मी लोखंडाचा, पण मला वाटलं, आत्ता या हातातून पडावं आणि बुडकीच्या तळाशी जावं. तिनं पडू दिलं नाही. मला जागेवर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुडीचा चमचा उचलला. कांडीनं सपाट केला. व्यंकटराव हिशेब सांगत गेले आणि ती मोजून टाकत गेली. पाचच्या हिशेबानं, एक कण कमी नाही की जास्त नाही. मग तास भरेपर्यंत तिथंच बसली आणि पाणी परत तपासून घेतलं. निळं झालं, तेव्हा उठली.

त्या साली तांड्यावर दोघं आजारी पडले आणि दोघंही उठून बसले. आसपासच्या गावांत माणसं गेली, तांड्यावर एकही नाही.

आम्ही निघताना जिवनबाईनं मला मागून घेतलं. व्यंकटरावांनी काही न विचारता मला तिच्या हातात दिलं. पुढं दरसाल नवी पेटी घेऊन ते यायचे, बुडकी दगडानं बांधून घेतली तीही त्यांनीच खटपट करून. परवा संस्थानाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत त्यांचं येणं बंद झालं. कुठं गेले, आहेत की नाहीत, इथं कुणाला ठाऊक नाही.

आता १९४८ साल सरत आलंय. माझा काठ गंजलाय, बुडाला पोचा आलाय. जिवनबाईला दिसतं कमी, तरी रोज सकाळी ती काठी टेकत मळ्यात जाते, तांब्याभर गोड पाणी आणते, मला भरते आणि झोपडीच्या उंबऱ्यावर ठेवते. दिवसभर मी तसाच. कुणी जवळ आलं की ती आतून म्हणते, "शिवू नका. मोतीचं हाय." दिवस मावळताना ते पाणी निंबाच्या बुडाशी ओतते. सात वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही.

आज दुपारी तिच्या धाकट्या लेकाची, रूपसिंगची पोरगी शेतातून पळत आलीय. पाच-सहा वर्षांची आहे. घरात माठ रिकामा, आई अजून यायचीय. ती उंबऱ्यात बसून माझ्यावर वाकलीय, तिचा श्वास पाण्यावर येतोय, पाणी थरथरतंय. क्षणभर मी घाबरलो. मग बघितलं, हिचे ओठ सुकलेत, कपाळावरून घाम ओघळून माझ्यात पडलाय. मेलेल्या लेकराला घाम येत नाही. तिनं माझ्याकडं हात पुढं केलाय आणि आत चुलीपाशी जिवनबाईनं मान वळवलीय.

जिवनबाई, मला तोंड नाही, तरी ऐक. हे पाणी प्यायला मोती कधी आली नाही. मी रोज वाट पाहिली, मला माहीत आहे. तहान या पोरीला लागलीय. तू काही म्हणू नकोस. पिऊ दे तिला.